आपल्या डॉक्टरांचा काटा

"जेवण जातं का हिला?" डॉक्टरांनी विचारलं.

"जातं की," सासूबाई म्हणाल्या.

"झोप?"

"छान लागते."

"बाळ हलतं का?"

"अहो, दिवसभर हलतं."

हिला म्हणजे धाकट्या सुनेला. ती तपासणीच्या टेबलावर आडवी पडून, छताकडं बघत हे सगळं ऐकत होती. आपल्याला झोप छान लागते ही बातमी तिला नवीन होती.

यात कोणाचं काही चुकत होतं असं तिथं कोणालाच वाटत नव्हतं, कारण पद्धतच तशी होती. दुरुस्तीला आणलेल्या वस्तूनं आपला बिघाड स्वतः सांगायचा नसतो, तो आणणाऱ्यानं सांगायचा असतो. शेजारच्या बाकावर आणखी चार-पाच गरोदर बायका अशाच आणलेल्या होत्या. प्रत्येकीबरोबर तिची माहिती देणारं एक वडीलधारं माणूस होतं.

या डॉक्टरांना स्वतःचं नावही होतं. दारावरच्या पाटीवर ते पदव्यांसकट रंगवलेलं होतं, पण या घरातल्या कोणी ते कधी वाचलं नव्हतं. घरात त्यांना 'आपले डॉक्टर' म्हणत. घरातले थोरला आणि धाकटा, दोघंही त्यांच्या हातचे. 'हातचे' हा शब्द सासूबाई अशा अभिमानानं उच्चारत, की ऐकणाऱ्याला वाटावं, त्या दोन्ही दिवशी त्या स्वतः कुठं तरी बाहेरगावी गेल्या होत्या.

परक्या डॉक्टरला 'का' असं विचारता येतं. आपल्या डॉक्टरला 'पुन्हा कधी येऊ' एवढंच विचारायचं.

"माझं डोकं फार दुखतंय दोन-तीन दिवस," धाकटी छताला उद्देशून म्हणाली.

डॉक्टरांनी सासूबाईंकडं पाहिलं. "डोकं दुखतं का हिचं?"

"मोबाईल बघते," सासूबाई म्हणाल्या.

"तो कमी करा. बीपी जरा चढलंय, पण दगदगीनं चढतंच तेवढं. मीठ कमी द्या." मग त्यांनी पहिल्यांदाच धाकटीला उद्देशून दोन शब्द काढले. "उभी राहा."

ती कोपऱ्यातल्या वजनकाट्यावर उभी राहिली. डॉक्टर वाकले. चष्मा कपाळावर चढवून पुन्हा वाकले. सुई मागच्या खेपेपेक्षा बरीच पुढं गेली होती. इतक्या थोड्या दिवसांत ती इतकी पुढं जायला नको होती, हे त्यांना ठाऊक होतं. समोर सुजलेला चेहरा होता, सुजलेले हात होते, चढलेलं बीपी होतं आणि दुखणारं डोकं होतं. त्या सगळ्यांत सर्वांत कमी कटकटीचा होता तो काटा.

"काटा बिघडलाय," ते म्हणाले.

"अगंबाई!" सासूबाई ओशाळल्या. काटा त्यांच्याच दुकानातून बसवलेला होता. "आज घेऊन जातो. हे बघतील."

धाकटीचा नवरा बाहेर स्कूटर घेऊन उभा होता. स्कूटरवर पुढं काटा बसला, मागं सासूबाई बसल्या. गरोदर बाईनं चालावं असं आपल्या डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं, म्हणून धाकटी चालत आली.

घराच्या तळमजल्यावर वजनकाट्यांच्या दुरुस्तीचं दुकान होतं. किराणावाल्यांचे, भंगारवाल्यांचे, सोनारांचे, सगळ्यांचे काटे सासऱ्यांकडं येत. काम झालं की काटा गिऱ्हाइकाच्या हातात ठेवून ते एकच शब्द म्हणत, "तंतोतंत." त्यामुळं साऱ्या गल्लीनं त्यांचं नावच तंतोतंत ठेवलं होतं. हे नाव ते पदवीसारखं मिरवत. एकदा भंगार घेणाऱ्या सख्ख्या मेव्हण्याचा काटा मुद्दाम हलका सांगतो असं आढळलं, तेव्हा त्यांनी तो भर रस्त्यात उलटा करून ठेवला होता. मेव्हणा अजून बोलत नाही.

तंतोतंतांनी दवाखान्यातला काटा टेबलावर घेतला, पुसला, आणि त्यावर लोखंडी प्रमाण वजनं एकावर एक चढवली.

सुई जिथं यायला हवी तिथं आली.

त्यांनी वजनं उतरवली आणि उलट्या क्रमानं चढवली, जणू काट्याला जरा लाज वाटून तो मत बदलेल. काट्यानं मत बदललं नाही. मग त्यांनी काटा जमिनीवर ठेवला आणि स्वतः वर उभे राहिले. काट्यानं त्यांना त्यांचंच वजन सांगितलं.

काटा तंतोतंत होता.

तंतोतंत स्टुलावर बसले. विचार सोपा होता. काटा खरा असेल, तर सुनेच्या अंगात काहीतरी असं वाढतंय की जे बाळ नाही. आणि काटा खरा असेल, तर आपले डॉक्टर चुकले. यांतल्या पहिल्या गोष्टीची भीती वाटायला हवी होती. त्यांना दुसरीची वाटली.

काटा जसाच्या तसा परत नेऊन 'यात काही दोष नाही' असं म्हणायचं, म्हणजे डॉक्टरांना चारचौघांत खोटं पाडायचं. ज्या माणसानं थोरल्याच्या वेळी आपल्या बायकोला वाचवलं, त्याला! ती कशातून वाचली होती हे घरात कोणी सांगत नसे. वाचली एवढंच सांगत. डॉक्टर काटा बिघडलाय म्हणाले आहेत, तर काट्यानं बिघडलेलं असणं ही आता काट्याची जबाबदारी होती.

त्यांनी पान्यानं खालचं झाकण उघडलं.

उभ्या आयुष्यात त्यांनी पहिल्यांदाच एक खरा काटा खोटा केला. कामात मात्र कसूर नव्हती. सुई शून्यावरच ठेवली, फक्त आतल्या स्प्रिंगचा ताण असा वाढवला की भार पडल्यावर तिनं थोडं कमी, आणि जास्त भाराला जास्त कमी सांगावं. कोणाच्या बापाला कळलं नसतं. झाकण लावून त्यांनी काटा धाकट्याच्या हातात दिला. शब्द मात्र उच्चारला नाही, आणि धाकट्याच्या ते लक्षात आलं नाही.

घरात थोरली सून होती. तिच्याबद्दल घराचं मत चांगलं होतं. "गंभीर स्वभावाची आहे," सासूबाई पाहुण्यांना सांगत. "उगाच फिदीफिदी नाही."

दुपारी गच्चीवर दोघी जावा वाळलेले कपडे काढत होत्या. धाकटीला वाकवत नव्हतं, म्हणून ती नुसती घड्या घालत होती.

"ताई, तुमचं बाळंतपण कसं झालं होतं हो?"

"छान झालं. सगळे म्हणतात."

"सगळ्यांचं नाही विचारलं."

थोरलीनं दोरीवरचा टॉवेल काढला, झटकला आणि पुन्हा दोरीवरच टाकला.

"मी गंभीर आहे असं वाटतं तुला?"

"म्हणजे... थोड्या आहात."

"मला हसता येत नाही गं. हसले, शिंकले, खोकले की कपडे ओले होतात. त्या दिवसापासून. घाई होती डॉक्टरांना, कुठं तरी कार्यक्रमाला जायचं होतं. दोघी नर्स पोटावर चढल्या आणि त्यांनी खालून ओढलं. पोरगा शाळेत जायला लागला, मी अजून तशीच."

"मग डॉक्टरांना नाही सांगितलं?"

"सांगितलं ना. मी आईंना सांगितलं, आईंनी त्यांना सांगितलं. ते आईंना म्हणाले, बायकांचं होतंच असं. मग आईंनी ते मला सांगितलं. मी तिथंच बसले होते तेव्हा, दोघांच्या मधल्या खुर्चीत."

धाकटीला हसू आलं आणि ते कुठं तरी अर्ध्यात अडकलं.

"आणि मला विनोद कळत नाहीत असं ठरलंय घरात," थोरली म्हणाली. "मला सगळे कळतात. तुझा नवरा सांगतो तेसुद्धा." मग तिनं धाकटीच्या हातांकडं पाहिलं. बोटं घडीच्या कापडावर फुगून पसरली होती. "हे काय गं? कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. आई म्हणतात, अंग धरलंय."

"हे अंग धरणं नाही. माझ्या बहिणीला असंच झालं होतं. पुलापलीकडं मोठं हॉस्पिटल आहे ना, तिकडं नेलं तिला. तिथं एक बाई डॉक्टर आहेत. त्या विचारतात म्हणे."

"काय विचारतात?"

"काय होतंय ते. बाईलाच विचारतात."

धाकटीला हे इतकं विचित्र वाटलं की ती संध्याकाळपर्यंत त्याचाच विचार करत राहिली. संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं, "मला डॉक्टर बदलायचेत."

नवरा वाईट नव्हता. तो चांगला होता आणि त्याचा कोणाला काही उपयोग नव्हता.

"आता? आठवा सरला! अगं, अर्धे केस कापून झाल्यावर न्हावी बदलतो का आपण?"

"न्हावी निदान विचारतो, किती ठेवू म्हणून."

"तुझं आपलं काहीतरीच. बरं, मी काय म्हणतो, आईला विचारू."

आईला विचारायचं म्हणजे सगळ्यांना विचारायचं. सगळे खाली दुकानात जमले. सासूबाई होत्या, तंतोतंत होते, थोरला होता, धाकटा होता. काट्याला सुई बसवून घ्यायला आलेला एक भाजीवाला होता. त्याला काम होईपर्यंत थांबणं भागच होतं. धाकटीला चहा टाकायला वर पाठवलं.

"माझं बाळंतपण यांनी केलं, थोरलीचं केलं," सासूबाई म्हणाल्या. "आणि ही आता त्यांना काय सांगणार? तुम्ही आम्हाला पसंत नाही? उद्या मला ताप आला तर मी कोणत्या तोंडानं जाऊ?"

"आणि नवीन जागी कागदपत्रं, तपासण्या सगळं पहिल्यापासून," थोरला म्हणाला. "पुलावर ट्रॅफिक किती असतो माहितीये का?"

"माझी काही हरकत नाही," धाकटा म्हणाला. "पण तुम्हा सगळ्यांची हरकत असेल तर माझी आहे."

भाजीवाल्याला वाटलं, इतका वेळ बसलोय तर गप्प राहणं बरं दिसत नाही. "मी काय सांगणार म्हणा, पण इतक्या उशिरा बदलू नये," तो म्हणाला. "कायमचं गिऱ्हाईक असं मधूनच गेलं की फार लागतं माणसाला. कोणाबद्दल चाललंय?"

"तिला विचारा की," दारातून आवाज आला. थोरली उभी होती. सगळ्यांनी वळून तिच्याकडं असं पाहिलं, जणू कोपऱ्यातला एखादा काटा बोलायला लागला.

"तिला काय विचारायचं?" सासूबाई म्हणाल्या. "तिच्याच भल्याचं चाललंय. अहो, तुम्ही बोला ना."

तंतोतंत सुई बसवत होते. मान वर न करता म्हणाले, "डॉक्टर म्हणाले होते, काटा बिघडलाय. तो आता... झालाय. उद्या जाऊन वजन करून या. बरोबर आलं तर प्रश्न मिटला."

"तंतोतंत!" भाजीवाला खूश होऊन म्हणाला. तंतोतंतांच्या हातातून सुई खाली पडली.

दुसऱ्या दिवशी धाकटी पुन्हा त्या काट्यावर उभी राहिली. तिच्या स्वतःच्या चपला पायांत शिरत नव्हत्या, म्हणून ती नवऱ्याच्या घालून आली होती. काट्यानं सांगितलं की ती मागच्या खेपेपेक्षा हलकी झाली आहे.

"बघा!" डॉक्टर सासूबाईंना म्हणाले. "म्हटलं नव्हतं? काट्याचाच दोष."

सासूबाईंनी हात जोडले. धाकटीनं खाली पाहिलं. पायाचे घोटे दिसत नव्हते, सुई मात्र स्पष्ट दिसत होती. ज्या हातांनी दुरुस्त केलेल्या काट्यांवर सारा बाजार डोळे मिटून भरवसा ठेवत होता, त्या हातांच्या काट्यापुढं एका बाईच्या अंगानं काय साक्ष द्यायची? तिनं आपल्या डोक्याला, हातांना, पायांना मनातल्या मनात खोटं ठरवलं आणि ती घरी आली. थोरलीनं पुन्हा पुलापलीकडचा विषय काढला, तेव्हा ती म्हणाली, "वजन बरोबर आहे हो ताई. मीच उगाच घाबरले." तो सबंध आठवडा ती आपल्याला बरं वाटतंय असं स्वतःला समजावत राहिली. एका सकाळी थोरलीला ती म्हणाली, "आज बाळ जरा शांत आहे." सासूबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "शहाणं आहे."

त्याच दुपारी तिच्या डोळ्यांसमोर ठिणग्या उडायला लागल्या. भिंतीकडं बघितलं तर भिंतीवर, ताटाकडं बघितलं तर ताटात. बरगडीखाली कोणी बुक्की दाबून धरावी तसं दुखत होतं. ती कठड्याला धरून जिना उतरली आणि दुकानात आली.

दुकानात गोण्या तोलायचा मोठा काटा होता. तो कधी दुरुस्तीला आलेला नव्हता. तो दुकानाचा स्वतःचा, बाकीच्या काट्यांची परीक्षा घेणारा काटा. दोन गिऱ्हाइकं बाजूला उभी होती. धाकटी त्या काट्यावर चढली.

तंतोतंत पाठमोरे काम करत होते.

"बाबा, हा काटा कसा आहे हो?"

"कुठला?"

"हा. मोठा."

"तंतोतंत," ते सवयीनं म्हणाले आणि मग वळले.

शब्द तोंडातून गेलेला होता. काट्यावर सून उभी होती, आणि सुई तिथं होती जिथं ती असणार हे त्या घरात फक्त त्यांना माहीत होतं. किंबहुना त्यांना वाटलं होतं त्याच्याही पुढं होती.

"मग दवाखान्यातल्या काट्यात काय दोष होता?"

गिऱ्हाइकांनी एकमेकांकडं पाहिलं. तंतोतंतांचे ओठ हलले.

"बाबा, मी विचारतेय."

"नव्हता," ते म्हणाले.

"मग तुम्ही दुरुस्त काय केलंत?"

तंतोतंतांनी हातातला पाना खाली ठेवला. धाकटी काट्यावरून उतरली. उतरताना तिनं तोल सावरायला हात पुढं केला, तेव्हा तो धरायला तंतोतंत उठले. पण तिनं काट्याचा दांडा धरला.

"मी पुलापलीकडं चाललेय," ती म्हणाली. "कोणाला कोणाला विचारायचं असेल ते माझ्या माघारी विचारा."

जिन्यावरून सासूबाई खाली आल्या. "अगं, असं कसं? डॉक्टरांना काय वाटेल?"

"त्यांना काय वाटलं ते आम्हाला कळवा," थोरली म्हणाली. तिनं चपला घातलेल्या होत्या. रस्त्यावर जाऊन तिनं रिक्षा थांबवलीसुद्धा होती.

धाकटा धावत आला. "थांबा, मी येतो. फक्त आपल्या डॉक्टरांच्या कानावर एकदा घालतो, म्हणजे गैरसमज—" त्यानं नंबर लावेपर्यंत रिक्षा कोपऱ्यावरून वळली होती.

"तुम्हाला काय होतंय?" बाई डॉक्टरांनी विचारलं.

धाकटीनं थोरलीकडं पाहिलं. थोरलीनं मुद्दाम भिंतीकडं पाहिलं.

"तुम्हालाच विचारतेय," बाई म्हणाल्या.

मग ती बोलायला लागली. डोकं, ठिणग्या, बरगडी, झोप न लागणं, बाळाचं सकाळपासूनचं गप्प असणं. तिच्या पोटात इतकं साठलेलं होतं की बीपीचा पट्टा दंडाला बांधून झाला, फुगवून झाला, सुटला, पुन्हा बांधला, तरी ती बोलतच होती. बाईंनी दुसऱ्यांदा आकडा पाहिला आणि त्यांनी नर्सला हाक मारली. त्या हाकेनं सगळं पळायला लागलं.

"कोणाकडं दाखवत होतात? एवढी सूज, एवढं बीपी, वजन कोणी बघितलं नाही तुमचं?"

"बघितलं की," धाकटी म्हणाली. "बरोबर होतं."

ते आजच्या काळात गावोगावच्या दवाखान्यांत ओळखलं जाणारं, वेळेत हाताला लागलं तर आटोक्यात ठेवता येणारं दुखणं होतं. गर्भारपणात रक्तदाब चढत जातो, अंगात पाणी साठतं, आणि लक्ष दिलं नाही तर तो दोन जीवांवर एकदम उठतो. बाळाला पोसणारी वार गर्भाशयापासून वेळेआधीच सुटली होती. बाईंनी पोटावर यंत्र फिरवलं, थांबल्या, दुसऱ्या बाजूनं फिरवलं. यंत्रातून काहीच ऐकू आलं नाही.

आई वाचली. तिला वाचवायला सगळ्यांना संध्याकाळपर्यंत झगडावं लागलं. बाळ जवळजवळ पूर्ण वाढीचं होतं. मुलगी होती.

"आठवडाभर आधी आणलं असतं तर—" बाई दारात थोरलीला म्हणाल्या आणि थांबल्या. मागून आलेले तंतोतंत भिंतीला टेकून उभे होते. उरलेलं वाक्य सासऱ्यांनी पूर्ण केलं. बाहेर आवाज न येऊ देता, पण तंतोतंत.

दुःखाच्या घरी लोक आले. लोक आले की त्यांना काहीतरी सांगावं लागतं, आणि जे सांगितलं जातं ते हळूहळू घडलेलं असतं. पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, नशीब. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, तरी मी सांगत होते, ऐन वेळी डॉक्टर बदलू नका. आपल्या डॉक्टरांकडं राहिली असती तर आज पाळणा हलला असता. ऐकणारे माना डोलवत.

मग आपले डॉक्टर स्वतः भेटायला आले. त्यांना पाहून सासूबाईंना हुंदका आवरेना. डॉक्टरांनी चहा घेतला, आणि मग तंतोतंतांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काट्यानं घात केला हो," ते म्हणाले. "वजन नीट कळलं असतं तर मी सोडलं असतं का? पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका. यंत्र आहे, चुकतं. मी तुम्हाला माफ केलंय."

घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांत कृतज्ञतेनं पाणी आलं. इतक्या मोठ्या मनाचा माणूस! तंतोतंतांच्या डोळ्यांतही आलं. त्यांना ज्या गुन्ह्याबद्दल माफ करण्यात आलं होतं तो त्यांनी खरोखरच केला होता, आणि ज्यानं माफ केलं त्याच्यासाठीच केला होता. त्या दिवसापासून त्यांनी दुकान उघडलं नाही.

धाकटी हॉस्पिटलमधून थेट आपल्या बहिणीकडं गेली. काही दिवसांनी नवरा आणि सासरे तिला न्यायला आले. बहिणीनं पाणी आणून दिलं आणि ती आत गेली.

"चल आता घरी," नवरा म्हणाला. "आई रोज आठवण काढते."

"येते. आधी बाबांनी दवाखान्यात जायचं, आणि तिथं बसलेल्या बायकांसमोर सांगायचं, काटा खरा होता."

"आता सांगून काय उपयोग?" नवरा कळवळून म्हणाला. "गेलेलं परत येणार आहे का?"

"नाही येणार. पण तो काटा अजून तिथंच आहे. आज सकाळी त्याच्यावर कोण उभं राहिलं असेल?"

नवऱ्याच्या हे डोक्यात आलं नव्हतं. त्यानं वडिलांकडं पाहिलं. वडिलांच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं, की त्यांच्या डोक्यात तेव्हापासून दुसरं काहीच नव्हतं.

"चला," तंतोतंत म्हणाले.

दवाखान्याचा बाक भरलेला होता. गरोदर बायका आणि त्यांची माहिती सांगणारी माणसं एकाआड एक बसली होती. तंतोतंत मधोमध उभे राहिले. धाकटी दाराशी थांबली.

"ऐका," ते म्हणाले. आयुष्यभर एका शब्दावर काम भागवलेल्या माणसाला वाक्य जुळवणं जड जात होतं. "इथला काटा बिघडला नव्हता. डॉक्टर म्हणाले बिघडलाय, म्हणून मी तो बिघडवला. तो कमी सांगतो. माझी सून सुजली होती, तो म्हणाला बारीक आहे. माझी नात गेली. त्याच्यावर विश्वास ठेवू नका. डॉक्टरांवर..." त्यांनी आतल्या दाराकडं पाहिलं. "त्यांनाही विचारा. का म्हणून विचारा."

मग एक सासू दुसरीच्या कानात म्हणाली, "नात गेली ना त्यांची. डोक्यावर परिणाम झालाय." दुसरी म्हणाली, "बिचारे."

डॉक्टर आतून बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि ते मुळीच चिडले नाहीत. "घरी न्या यांना," ते हळुवारपणे म्हणाले. "आराम पाहिजे. आपलीच माणसं आहेत."

साऱ्या बाजारानं ज्याचा शब्द कधी तोलून पाहिला नाही, त्या माणसाचं पहिलं खोटं सगळ्यांनी खरं मानलं होतं, आणि आज खरं बोलला तेव्हा त्याच्यावर कोणी विश्वास ठेवेना. तंतोतंत कोपऱ्यात गेले, काटा उचलला, छातीशी धरला आणि बाहेर निघाले. त्यांना कोणी अडवलं नाही. वेड्या माणसाला अडवत नाहीत.

धाकटी मात्र गेली नाही. ती बाकापाशी आली. कडेला तिच्याच वयाची एक बाई बसली होती, पाय पुढं पसरून. धाकटी तिच्यासमोर उकिडवी बसली. बसताना टाके ओढले गेले.

"तुम्हाला काय होतंय?"

त्या बाईनं सासूकडं पाहिलं.

"त्यांना नाही होत, तुम्हाला होतंय," धाकटी म्हणाली. "मीही अशीच बघत राहिले."

त्या बाईनं पसरलेले पाय जवळ घेतले. मग हळूच म्हणाली, "डोळ्यांपुढं चमकतं मधूनमधून. मी सांगितलं नाही कोणाला." एवढं बोलून ती स्वतःच दचकली, आपला आवाज या खोलीत पहिल्यांदाच ऐकल्यासारखी.

"पुलापलीकडं मोठं हॉस्पिटल आहे. मी येते बरोबर. आत्ता."

ती बाई बाकाची कड धरून उठली. आतून नर्सनं हाक दिली, तशी तिची सासू लगबगीनं उभी राहिली.

"अगं, कुठं निघालीस? आपला नंबर आलाय!"

"तुमचा आला असेल," ती म्हणाली. "तुम्ही दाखवून घ्या."